प्लेगची लस आणि डॉ. हाफकिन

आळेफाटा हे नावच वाटेवरून पडलेले आहे. पुण्याहून नाशकाकडे जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगराकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेद देतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरास येत असे, आणि घाटमाथ्यावरचा तो जकातीचा दगडी रांजण आजही तेथे उभा आहे. अशा वाटांवर वसलेल्या माणसांना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. जी वाट धान्य, मीठ आणि कापड आणते, तीच वाट रोगही आणते. सन १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात जो रोग उतरला, तो धान्याच्या वखारींतून उंदरांच्या अंगावर बसून निघाला आणि पाहता पाहता देशावर पसरला. 'गाठीचा ताप' हे त्याचे आपल्याकडचे नाव. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावयाचे, ही त्या काळची रीत ज्यांनी आपल्या आजीपणजीच्या तोंडून ऐकली नाही असे घर देशावर विरळाच सापडेल.

या रोगावर पहिली उपयोगी पडलेली लस मुंबईत तयार झाली आणि ती एका परदेशी माणसाने तयार केली. त्याच्या नावाची संस्था परळला आहे, म्हणून 'हाफकिन' हा शब्द आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेला असतो. परंतु हाफकिन कोण, त्याने काय लिहिले, काय शोधले आणि अखेरीस त्याच्यावर कोणता प्रसंग गुदरला, याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. आज आम्ही ती करणार आहोत. शास्त्रज्ञाचे चरित्र सांगावयाचे तर त्याच्या प्रबंधांच्या मागोमाग चालावे, असे आमचे मत आहे. बोलताना माणूस स्वतःला सजवू शकतो. छापलेल्या आकड्यांस ती सोय नसते.

वाल्देमार मोर्दखाय हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी झाला. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफसारखा गुरू लाभला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धान्त मांडून ज्यांना पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, तेच हे मेचनिकॉफ. शरीराला रोगाशी झुंजण्याची स्वतःची शक्ती असते आणि ती मोजता येते, तपासता येते, हा विचार हाफकिन यांनी गुरूच्या प्रयोगशाळेतच उचलला. विद्यार्थिदशेत ते झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ओढले गेले, आणि ज्यूंच्या वस्तीवर हल्ला झाला तेव्हा संरक्षणास उभे राहून जखमी झाले व पकडलेही गेले. धर्म बदलला असता तर अध्यापकाची जागा मिळाली असती. तो त्यांनी बदलला नाही. तेव्हा ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काढून १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. प्रथम जिनीव्हा आणि मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना जी पहिली जागा मिळाली ती ग्रंथपालाची होती. दिवसा पुस्तके लावावयाची आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकापाशी बसावयाचे, असा तो क्रम होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांचे आरंभीचे लेख डबक्याच्या पाण्यातील एकपेशीय जीवांवर आहेत. १८९० साली पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाला होणाऱ्या सांसर्गिक रोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या एका पेशीच्या केंद्रकात शिरून वाढणारे जंतू त्यांनी वर्णिले आणि त्यांना 'होलोस्पोरा' हे नाव दिले. ते नाव आजही शास्त्रात चालू आहे आणि त्यापुढे हाफकिन यांचे नाव व ते साल लिहिले जाते. ज्याला जगाने प्लेगचा वैरी म्हणून ओळखले, त्याची शास्त्रातील पहिली टिकाऊ नोंद डबक्यातील जीवाच्या आजारपणाविषयी असावी, हे आम्हांस मोठे गोड वाटते. कारण 'जंतू घरात कसा शिरतो आणि घरधनी काय करतो' हा प्रश्न पॅरामेशियमपासून माणसापर्यंत एकच आहे.

त्यानंतर पटकीचा विषय आला. पटकी म्हणजे कॉलरा. १८८५ साली स्पेनमध्ये फेरान नावाच्या डॉक्टराने पटकीची लस हजारोंना टोचली होती. परंतु तिच्या गुणाविषयी विद्वानांत वाद माजला आणि तो मिटला नाही. हाफकिन यांनी काय केले? पटकीचा जंतू त्यांनी गिनीपिगच्या उदरपोकळीत घातला, तेथून काढून दुसऱ्या गिनीपिगमध्ये घातला, असे एकामागून एक एकोणचाळीस वेळा केले. त्याने जंतूची तीव्रता ठरावीक पातळीवर चढली. उलट, उष्ण हवेच्या झोतात वाढवून त्याच जंतूची दुसरी, सौम्य जात त्यांनी तयार केली. आधी सौम्य टोचावी, काही दिवसांनी तीव्र टोचावी, म्हणजे शरीर तयारीत राहते. ओळखीच्या चोराला कुत्रा आधी भुंकतो, तसा काहीसा हा प्रकार. १८९२ सालच्या जुलै महिन्यात पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे त्यांनी पाठोपाठ टिपणे सादर केली: आधी गिनीपिगविषयी, नंतर ससे व कबुतरे यांविषयी, आणि ३० जुलै रोजी माणसाविषयी. हा 'माणूस' म्हणजे ते स्वतः होते. १८ जुलै रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला आणि त्याची नोंद ठेवली. ही टिपणे दोन-चार पानांचीच आहेत. जाड ग्रंथांनी शास्त्र पुढे जाते असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ती अवश्य पाहावीत.

पण पॅरिसमध्ये पटकीची साथ नव्हती. ती होती हिंदुस्थानात. आपल्याकडे पूर्वी व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्रजांचे वकील होते. त्यांच्या खटपटीने १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. पुढील दोन-अडीच वर्षांत आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत हिंडून त्यांनी बेचाळीस हजारांवर माणसांना लस टोचली. लोक दगड घेऊन धावले, त्यांना मलेरियाने गाठले, पण काम चालू राहिले. कलकत्त्याच्या काटालबागान वस्तीत १८९४ साली त्यांना जी संधी मिळाली ती आम्ही फार महत्त्वाची मानतो. वस्तीत पटकी शिरलेली होती. काहींनी टोचून घेतले, काहींनी नाही. पाणी तेच, गल्ली तीच, गरिबीही तीच. पुढे जे आजारी पडले ते न टोचलेल्यांपैकी होते. त्यावरून त्यांनी एक नियम आपल्यापुरता पक्का केला, आणि तो पुढे कधी सोडला नाही. टोचलेल्या माणसांची तुलना दुसऱ्या गावच्या माणसांशी करावयाची नाही; त्याच घरातल्या, त्याच ताटात जेवणाऱ्या न टोचलेल्या माणसांशी करावयाची. १८९५ साली त्यांनी हिंदुस्थान सरकारला सादर केलेला अहवाल कलकत्त्यास छापला गेला. त्याचे पान न् पान अशा याद्यांनी भरलेले आहे.

आता मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या सरंजामात त्यांनी तीन महिन्यांत लस उभी केली.

ही लस कशी बनविली हे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघराचा एक पदार्थ आहे. बकऱ्याच्या मांसाचा रस्सा करून त्यात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. गाय आणि डुक्कर हे दोन्ही वर्ज्य ठेवले होते, हे हिंदुस्थानात काही वर्षे काढलेल्या माणसाचे शहाणपण. त्या रस्सावर साजूक तुपाचे थेंब सोडावयाचे. जंतू त्या तरंगत्या थेंबांना खालून चिकटतात आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या काड्यांसारखे खाली वाढत येतात. बाटली हलविली की ते तुटून तळाशी बसतात व वर नवी वाढ सुरू होते. असे काही आठवडे चालू द्यावयाचे. यात एक मोठा लाभ असा की अशा रीतीने लोंबणारी वाढ ही प्लेगच्या जंतूची खूण असल्यामुळे बाटलीत दुसराच काही जंतू शिरला असेल तर तो नजरेस पडे. मग ती बाटली सुमारे सत्तर अंशांपर्यंत तासभर तापवून जंतू मारावयाचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालावयाचे. मेलेले जंतू रोग देऊ शकत नाहीत, पण शरीराला त्यांची ओळख पटते. पटकीच्या वेळी जिवंत जंतू टोचले होते. प्लेगच्या वेळी हाफकिन मेलेल्या जंतूंवर आले. रोगप्रतिकारशास्त्राच्या इतिहासात ही पायरी मोठी आहे.

१८९७ च्या १० जानेवारीस त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट. ताप भरला, दंड सुजला, पण दोन-चार दिवसांत ते उठले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. निम्म्याच्या आसपास कैदी टोचून घेण्यास पुढे आले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बारा जणांस प्लेग झाला व सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांस झाला व एकही दगावला नाही. आता आमचे मत विचाराल तर हा पुरावा उत्साह देणारा होता, निर्णायक नव्हता. आकडे लहान, अवधी थोडा. शिवाय तुरुंगातल्या माणसाची 'राजीखुशी' कितपत राजीखुशी असते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारीत नसे. आज विचारला पाहिजे.

खरी कसोटी पुढल्या वर्षी बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावी झाली. १८९८ च्या फेब्रुवारीत प्लेग त्या गावात वावरत असताना हाफकिन आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. गावकऱ्यांना घराघरांनी एकत्र बसविले आणि प्रत्येक घरातील साधारण निम्मी माणसे टोचली, निम्मी तशीच ठेवली. वयस्क, तरुण, अशक्त, धडधाकट हे दोन्हीकडे सारखे पडतील अशी काळजी घेतली. मग काही आठवड्यांनी जाऊन मोजदाद केली. ज्या अठ्ठावीस घरांत प्लेग आला, त्यांत टोचलेली माणसे ७१. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली. हे आकडे आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो आहोत. सव्वीस आणि तीन. औषधाची खरी परीक्षा अशी घ्यावी, हे जगातील वैद्यकाने सर्रास मान्य करण्यास पुढे अर्धशतक जावे लागले. उंधेऱ्याच्या ओट्यांवर ते १८९८ साली घडून गेले होते. अर्थात, ज्या चौसष्टांना टोचले नाही त्यांच्या बाजूने पाहिले तर हेच आकडे अंगावर काटा आणतात, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या पुण्यात याच सुमारास काय चालले होते? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. रँडसाहेबांच्या अमलाखाली गोरे शिपाई घरांत घुसले, माणसे उघडी करून तपासली गेली, सामान जाळले गेले. १० मार्च रोजी रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. लोकमान्यांनी हिंदू रोग्यांसाठी वेगळे इस्पितळ काढविले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपणांस पाठ आहे. त्यात आम्ही जास्त शिरत नाही. परंतु सक्तीच्या त्या धामधुमीत हाफकिन यांची टोचणी ही राजीखुशीची बाब म्हणूनच राहिली, हे ध्यानी घ्यावे. मुंबईत खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतःस टोचून घेतले, आपले एक घर प्रयोगशाळेसाठी दिले, आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी त्यांचे अनुकरण केले. शिपायाच्या संगिनीने जे झाले नाही, ते एका माणसाने बाही वर करून दाखविल्याने झाले.

१८९७ च्या जूनमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्लेगच्या लशीवरचे त्यांचे विवेचन आले. १८९९ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी प्रतिबंधक टोचणीवर व्याख्यान दिले व ते सोसायटीच्या वृत्तान्तात छापले गेले. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. जेथे गव्हर्नरसाहेबांच्या मेजवान्या झडत, त्या दिवाणखान्यांत आता रस्साच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने काही दोष दाखवूनही लशीचा उपयोग मान्य केला. पाश्चर संस्थेच्या ग्रंथपालापासून येथवरचा प्रवास दहा वर्षांचा. हाफकिन तेव्हा चाळिशीत होते, आणि यानंतर त्यांच्या लेखांची यादी एकाएकी थबकते. तेथे आपणही थांबले पाहिजे.

१९०२ साली पंजाबात प्लेगचा कहर झाला. तेथील सरकारने टोचणीची प्रचंड मोहीम आखली आणि परळकडे लाखो मात्रांची मागणी केली. एवढी लस जुन्या संथ रीतीने होणे नव्हते. हाफकिन यांनी रीत बदलली. रस्साऐवजी अगारवर जंतू वाढविले आणि कार्बोलिक आम्ल गाळून केवळ उष्णतेने लस निर्जंतुक करण्याचे ठरविले. ३० ऑक्टोबर रोजी मुलकोवाल नावाच्या खेड्यात पाच बाटल्यांतून १०७ लोकांना टोचण्यात आले. त्यांपैकी ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतून ज्या एकोणीस जणांना टोचले, त्या सर्वांना काही दिवसांत धनुर्वात झाला, आणि ते एकोणीसही मेले. उरलेल्या चार बाटल्यांतून ज्यांनी टोचून घेतले त्यांना काही झाले नाही.

प्रश्न एकच होता: धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला कोठे, परळला की मुलकोवालला? मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. लस सीलबंद होण्यापूर्वीच दूषित झाली असावी, म्हणजे दोष परळचा, असा तिचा कौल पडला. कार्बोलिक आम्ल गाळले, हा ठपका त्यांच्यावर विशेष आला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने मात्र जंतू केव्हा व कसा शिरला हे ठरविणे शक्य नाही असे मत दिले होते. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या कारभारापासून दूर करण्यात आले, आणि १९०४ साली ते विलायतेस निघून गेले.

त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी स्वतःच्या बचावात घालविली. ही कागदपत्रांची लढाई होती, आणि ज्या माणसाने आयुष्यभर याद्या ठेवल्या त्यालाच ती जिंकता येण्याजोगी होती. चौकशीच्या दप्तरातच एक साक्ष पडून होती. मुलकोवालला बाटली उघडते वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. दुसरी साक्ष टोचणाऱ्या डॉक्टराची. बाटली उघडल्यावर त्याने वास घेऊन पाहिला होता व त्यास कोणताही वास आला नव्हता. परळहून निघून मुलकोवालला उघडेपर्यंत त्या बाटलीला चाळीस दिवसांवर काळ गेला होता. एवढा काळ धनुर्वाताचा जंतू आत वाढत असता तर बाटलीला दुर्गंधी यावयास हवी होती. पाच-सहा वाक्यांत सांगता येणारा हा मुद्दा ऐकून घेण्यास साम्राज्याला पाच वर्षे लागली.

समितीचे कागद १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. डास आणि मलेरिया यांचा संबंध याच हिंदुस्थानात सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय हाती घेतला. त्यांनी 'नेचर'मध्ये लिहिले. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आले. अमेरिकेतले फ्लेक्सनर यांचीही सही त्यावर होती. समितीचा निष्कर्ष टिकत नाही, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यास निर्दोष ठरवून पुरते वर्षही झाले होते-नव्हते, आणि लोक या प्रकरणास 'धाकटे ड्रेफस प्रकरण' म्हणू लागले. हाफकिन हे ज्यू, त्यातून रशियातून आलेले आणि डॉक्टर नसलेले. लष्करी वैद्यक खात्यातील अनेकांना ते सलत होते. या द्वेषाचा वाटा किती आणि समितीच्या अज्ञानाचा किती, याचा हिशेब करणे अवघड आहे. आमचा कल अज्ञानाकडे अधिक झुकतो. न्यायाधीशाला पुरावा तोलता येतो, पण कोणता पुरावा जड हे सांगण्यास जंतूंची ओळख लागते.

अखेर १९०७ साली सरकारने त्यांना दोषमुक्त केले व पुन्हा नोकरीत घेतले. पण कोठे? मुंबईला नव्हे; तेथली जागा भरलेली होती. कलकत्त्याच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेत त्यांना नेमले आणि माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक दिली नाही. ज्याची सारी विद्या गावातल्या घराघरांत मोजण्यावर उभी, त्याला कचेरीत बसविले. १९१३ साली पटकीच्या टोचणीवरचे त्यांचे पुस्तक कलकत्त्यास निघाले. त्यात नवे थोडे आणि वीस वर्षांपूर्वीच्या कामाचे रक्षण अधिक, असा त्याचा नूर आहे. पुढे लवकरच, पंचावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त होऊन युरोपास परतले. १९१६ साली त्यांचा एक निबंध अमेरिकेतल्या एका ज्यू मासिकात आला. तो जंतूंवर नाही, सनातन ज्यू धर्माचरणाच्या समर्थनावर आहे. तरुणपणी झारविरुद्ध उठलेला क्रांतिकारक उतारवयात पूर्वजांच्या नेमधर्माकडे वळला, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. आम्हांस तितकेसे वाटत नाही. नोकरीसाठी जो धर्म त्याने विशीत सोडला नाही, तो साठीत त्याला आधार झाला.

मुलकोवालच्या प्रकरणात एक गोष्ट मात्र आम्हांस सतत टोचत राहते. हाफकिन यांना न्याय मिळाला, उशिरा आणि अपुरा का होईना, पण मिळाला. त्यांच्या बाजूने लंडनच्या वर्तमानपत्रात मोठमोठ्यांनी सह्या केल्या. जे एकोणीस गावकरी सरकारी डॉक्टरावर विश्वास ठेवून दंड पुढे करून बसले, त्यांच्यासाठी कोणी सही केली नाही. या प्रकरणावर आजवर जे लिहिले गेले त्यात बाटलीचा क्रमांक सर्वत्र येतो. त्या माणसांची नावे सहसा येत नाहीत. लस देणाऱ्याने चिमटा पडला तर तो उकळावा, बाटलीवर क्रमांक असावा, कोणत्या बाटलीतून कोणास टोचले याची नोंद असावी, हे आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकाही जाणते. त्या नोंदी होत्या म्हणूनच पाचांपैकी एक बाटली ओळखता आली. ज्या शिस्तीने हाफकिन वाचले ती शिस्त त्या गावात त्या दिवशी एका क्षणासाठी सुटली होती.

प्लेग कसा पसरतो हे कोडे लशीने सुटले नव्हते, हेही सांगावयास हवे. उंदरावरील पिसू हा दूत आहे असे १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने म्हटले आणि पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १९०५ नंतर परळच्याच प्रयोगशाळेत बसलेल्या मंडळाने ते निर्विवाद सिद्ध केले. मुंबईच्या चाळींतून गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजल्या. माळावर झोपड्या घालणारे आपले पूर्वज नेमके बरोबर करीत होते. उंदीर मागे ठेवून ते पुढे जात होते. शास्त्राच्या आधी अनुभव पोहोचला, तो असा.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. निवृत्त होऊन दूर राहणाऱ्या हाफकिन यांनी आभाराच्या पत्रात, मुंबईच्या कामात आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली, अशा आशयाचे उद्गार काढले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले. ते अविवाहित होते. बहुतेक सारी मिळकत त्यांनी ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी आधीच ठेवून दिलेली होती. १९६४ साली आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल मिळविणारे वाक्समन यांनी त्यांचे चरित्र लिहिले ते याच साली. वाक्समनही युक्रेनच्याच मातीतले.

त्यांच्या संस्थेची शाखाप्रशाखा आपल्या जिल्ह्यापर्यंत पोहोचली आहे. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या तबेल्यातले घोडे सीरम काढण्यासाठी परळच्या हाफकिन संस्थेकडे जात असत. त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि २०२१ साली करोनाची लस तेथून देशभर गेली. या सभेतील बहुतेकांच्या दंडात ती गेलेली असेल. 'लशीने माणसे मरतात', 'लशीत निषिद्ध पदार्थ असतो', या अफवाही त्या वेळी आपण ऐकल्या. मुंबईत १८९७ साली ऐकू येत होत्या त्यांची ही पणतवंडे.

प्लेग मात्र पुरता गेला नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचे रोगी आढळले, त्याच वर्षी सुरतेतून लाखो माणसे पळाली, आणि आपल्या रस्त्यांवरूनही तोंडाला रुमाल बांधलेली माणसे गेली. त्या वेळी उपचार झाला तो टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांनी. तुपाच्या थेंबांखाली लोंबणारी ती वाढ तोवर इतिहासजमा झाली होती.